बारा यार्डांवरचा कौल

ज्या सकाळी इंद्रजित पोवार चष्मा घरी विसरला, त्याच सकाळी सुफियान मुजावरनं दहापैकी नऊ पेनल्टी जाळ्यात घातल्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं त्या वेळी मैदानावर कुणी म्हणालं असतं, तर इंद्रजितनं त्याला आधी डोक्यावर गार पाणी घ्यायला सांगितलं असतं.

इंद्रजित हा पिंपळकट्टा तालीम मंडळाच्या फुटबॉल संघाचा कोच. कोल्हापुरात पेठेला तालीम असते, तालमीला फुटबॉलचा संघ असतो, आणि संघ हरला की पेठेत दोन दिवस कुणाचं कुणाशी धड बोलणं होत नाही. २०४१ सालापर्यंत शहरात काय काय बदललं होतं. बसला ड्रायव्हर राहिला नव्हता, दवाखान्यात डॉक्टरच्या आधी यंत्र नाडी बघत होतं. तालमीचं वेड मात्र होतं तिथंच होतं. कोचला 'वस्ताद' म्हणायचा रिवाजही तसाच. इथं कुस्ती शिकवणाऱ्यांनीच एके काळी पोरांना फुटबॉल शिकवला, त्याची ती खूण.

आणि सुफियान म्हणजे या वस्तादाचं दुखणं. तेवीस वर्षांचा, डाव्या पायाचा, तालमीच्या जर्सी शिवणाऱ्या रशीदभाई टेलरचा मुलगा. चालत्या खेळात चेंडू त्याच्या पायात आला की समोरचे बचावपटू एकमेकांची तोंडं बघायचे. पण खेळ थांबवून, चेंडू बारा यार्डांवर ठेवून, समोर एकटा गोली उभा करून 'हं, मार आता' म्हटलं, की त्याच पायाला काय व्हायचं कुणास ठाऊक. गेल्या हंगामात सहा पेनल्टींपैकी चार वाया गेल्या. एक तर थेट स्टेडियमबाहेर. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर पाटी लागली: 'सुफियान पेनल्टी घेत असताना रस्त्यावर गाड्या लावू नयेत.' पेठेची थट्टा अशीच, हसता हसता सालटं काढणारी. पाटी वाचून सुफियानही हसला. मग त्यानं कट्ट्यावरून जाणं-येणं बंद केलं.

या दुखण्यावर उपाय म्हणून 'कौल' आला. तो आणला इंद्रजितच्या मुलीनं, इरानं. मेंदूच्या लहरींवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती संशोधन करत होती, आणि तालमीचा संघ तिच्यासाठी आयतीच प्रयोगशाळा होता.

विज्ञान तसं समजायला अवघड नव्हतं. माणूस पाय उचलतो त्याच्या सेकंद-दीड सेकंद आधीच मेंदूत त्या हालचालीची जुळवाजुळव सुरू होते. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, डोक्याच्या माथ्यावरून, हालचालींचा एक पट्टा असतो. तिथल्या पेशी एरवी विजेच्या बारीक स्पंदांचा एक संथ ठेका धरून असतात. काय करायचं ते मनात पक्कं झालं, की तो ठेका निवतो आणि तयारीची एक लहर सरळ चढत जाते. पक्कं झालं नसेल, डावीकडं मारू की उजवीकडं असे दोन बेत एकमेकांना ढकलत असतील, तर ठेका मध्येच उसळतो आणि लहर अडखळत चढते. हे शास्त्रज्ञांना पूर्वीपासून माहीत होतं. अडचण होती ती धावत्या माणसाच्या डोक्यातून ते टिपायची, कारण स्नायूंचा गोंगाट त्या नाजूक लहरीला गिळून टाकतो. इराच्या गटानं दोन चिकटपट्ट्या केल्या, एक कानामागं लावायची नखाएवढी, दुसरी पोटरीवरची. पोटरीवरची पट्टी स्नायूंचा गोंगाट मोजायची, यंत्र तो वजा करायचं, आणि खाली उरायची ती मेंदूची कुजबुज.

हजारो किका दाखवून यंत्राला शिकवल्यावर ते एक आकडा सांगू लागलं. नुसती मनात किक मारून बघतानाही ही लहर चढते, म्हणून खेळाडू चेंडूकडं चालत निघाला की टॅबवर शंभरापैकी एक आकडा उमटायचा. सत्तरच्या वर असेल तर चेंडू बहुतेक आत. पन्नासच्या खाली असेल तर देवाचं नाव घ्यायचं. देवाला फुलं चिकटवून कौल लावतात आणि कुठलं फूल आधी पडतं ते बघतात, त्यावरून इरानं यंत्राचं नाव ठेवलं. गंमत म्हणून ठेवलं, पण महिनाभरात पेठ त्या आकड्याला देवाइतकंच मानायला लागली.

एक जुनी सवय मात्र इंद्रजितला त्यासाठी सोडावी लागली. त्याचे गुरू मल्लू वस्ताद पेनल्टीच्या वेळी खांद्यावरचा पंचा सारखा करायचे आणि गोलकडं पाठ करून उभे राहायचे. इंद्रजितनंही वीस वर्षं तेच केलं होतं. लोक म्हणायचे, नवस आहे. इरानं बापाला समजावलं, "पप्पा, शिट्टी व्हायच्या आधी दहा-बारा सेकंद मिळतात. आकडा कमी आला तर तेवढ्यात किक मारणारा बदलता येतो. पाठ करून उभं राहिलात तर बदलणार कसा?" बोलणं बिनतोड होतं. इंद्रजित मैदानाकडं तोंड करून, हातात टॅब धरून उभा राहायला लागला.

आता चष्म्याची गोष्ट. फायनलला बारा दिवस उरले होते. इरा दोन दिवस बाहेरगावी गेली होती, म्हणून टॅब इंद्रजितच्या एकट्याच्या हातात होता, आणि चष्मा घरी देव्हाऱ्याशेजारी. खेळाडूंना आकडा कळू द्यायचा नाही असा इराचा सक्त नियम. म्हणजे कुणाला 'जरा वाच रे' म्हणायचीही सोय नव्हती. टॅबवर त्याला नुसता पांढरा धुरळा दिसत होता. चोपन्न वर्षांच्या माणसानं अशा वेळी जे करायचं तेच त्यानं केलं. सगळं दिसतंय असं दाखवलं.

"चांगला हाय की," तो सुफियानला म्हणाला. "मार."

सुफियाननं मारला. आत.

"ह्यो तर लईच चांगला हाय. मार."

पुन्हा आत. पाचव्या-सहाव्या किकेपर्यंत इंद्रजितलाच आपल्या थापेची मजा वाटायला लागली. तो टॅबकडं बघून माना डोलवत होता, आणि सुफियान एकामागून एक कोपरे शोधत होता. नववी बारला घासून बाहेर गेली. दहावी पुन्हा आत.

दुसऱ्या दिवशी चष्मा नाकावर होता. दहापैकी चार.

इरा परत आली आणि जेवण झाल्यावर टॅबवरच्या नोंदी चाळत बसली. मग म्हणाली, "पप्पा, मंगळवारी तुम्ही काय वेगळं केलंत?"

"काय करणार? रोजच्यासारखंच."

"सुफियानचा आकडा मंगळवारी एकदाही सत्तरच्या खाली आला नाही. बुधवारी एकदाही पंचावन्नच्या वर गेला नाही. मधे एक रात्र गेली फक्त. माणसाचा मेंदू रात्रीत बदलत नाही."

इंद्रजितनं पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला. मग चष्म्याची हकिगत सांगितली. इरा आधी हसली, मग एकदम हसायची थांबली.

पुढचे चार दिवस तिनं खेळाडूंना न सांगता एक प्रयोग केला. एका किकेला इंद्रजितनं चष्मा लावून टॅब घेऊन उभं राहायचं, पुढच्या किकेला काही तरी निमित्त काढून पाण्याच्या टाकीमागं जायचं. सुफियानच्या चाळीस किका, आणि संघातला दुसरा भरवशाचा किकर प्रणव जरग याच्या चाळीस. प्रणवचे आकडे वस्ताद असो वा नसो, अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. सुफियानचे, वस्ताद टाकीमागं असताना पंचाहत्तर. वस्ताद समोर असताना सत्तेचाळीस.

"हे बघा," इरानं चित्रण थांबवून दाखवलं. "चेंडू ठेवला, चार पावलं मागं गेला. आता मान वळवली बघा. कुणाकडं बघतोय?"

पडद्यावर सुफियान इंद्रजितकडं बघत होता.

"प्रत्येक वेळी बघतो. प्रणव एकदाही बघत नाही, त्याला तुमच्याशी काही देणं-घेणंच नाही. सुफियान बघतो. तुम्ही आकडा वाचता, तुमच्या कपाळाला आठी पडते, तो आठी वाचतो. त्याच्या डोक्यात दोन बेत सुरू होतात, आकडा आणखी पडतो, आणि तुमची आठी आणखी वाढते. यंत्र खोटं बोलत नाही, पप्पा. पण ते जे मोजत होतं, त्यातला निम्मा सुफियान होता आणि निम्मे तुम्ही."

इंद्रजितला मल्लू वस्ताद आठवले. पंचविशीत असताना त्यानं त्यांना एकदा विचारलं होतं, पाठ का करता म्हणून. वस्ताद मिशीतल्या मिशीत हसून म्हणाले होते, "माझ्या तोंडाला खोटं बोलाय येत न्हाई रे." तेव्हा ती चेष्टा वाटली होती. त्या स्वतःला अडाणी म्हणवणाऱ्या माणसाला जे ठाऊक होतं, ते आपण वीस वर्षं नुसतं गिरवलं आणि शहाणपणा सुचला त्या दिवशी सोडून दिलं. याची त्याला मनापासून लाज वाटली.

आणि आणखी एक गोष्ट टोचली. सुफियान पूर्वी दर रविवारी त्याच्या घरी जेवायला यायचा. वर्षभर आला नव्हता. पोराला शिंगं फुटली, असं इंद्रजित बायकोजवळ म्हणालाही होता. पोरगा बिचारा आठीला भिऊन घराकडं फिरकत नव्हता, हे आता कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो रशीदभाईंच्या दुकानात गेला. रशीदभाई कापड आणायला गेले होते. सुफियान मशीनवर बसून चड्ड्यांच्या पट्ट्या शिवत होता. वस्तादाला बघून तो उठून उभा राहिला.

"बस, बस. शीव तू," इंद्रजित म्हणाला. "फायनलला पेनल्टी मिळाली तर तूच मारायची. हे सांगाय आलोय."

"आणि आकडा?"

"आकडा मी बघणार न्हाई."

सुफियाननं दोरा तोडला. त्याचा विश्वास बसला नव्हता, हे उघड होतं. "वस्ताद, एक सांगू? फायनल झाली की मी खेळणार न्हाई. अब्बांना सांगितलंय. हितंच बसतो मशीनवर. ही तरी सांगितलं तिथं टाका घालती."

"पेनल्टी घातलीस तरी?"

"घातली तर बघू. पण घालणार कशी? मला आता सोताचा पायच वळखू येईना."

इंद्रजितला फायनलची भीती वाटत नव्हती असं नाही. पण चषक हरला तर पुढच्या वर्षी पुन्हा असतो. हा पोरगा या मशीनवर बसला, तर तो आपल्यामुळं बसला असं होणार होतं, आणि त्याला पुढचं वर्ष नव्हतं.

फायनल पिंपळकट्ट्याची आणि दगडी चौकाची. ही दोन पेठांची चुरस इतकी जुनी, की एका पेठेतल्या मुलीचं दुसरीत लग्न ठरलं तर आधी तारीख फायनलच्या आसपास नाही ना, हे बघतात. पश्चिमेची गॅलरी पिंपळकट्ट्याची, पूर्वेची दगडी चौकाची. इंद्रजितचा बाक पश्चिमेच्या गॅलरीपुढंच. पहिल्या ओळीत रशीदभाई, गळ्यात मापाची टेप तशीच.

सामना सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी इरा धावत आली. तिचा चेहरा उतरला होता. "पप्पा, बोर्ड बघा."

दक्षिणेच्या टोकाला मोठा फलक होता. त्यावर स्कोअरखाली एक नवी चौकट आली होती: 'कौल'. दोन्ही संघ हेच यंत्र वापरत होते, आणि स्पर्धा समितीनं प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी पेनल्टीचा आकडा फायनलपासून फलकावर दाखवायचं ठरवलं होतं. तालमीचे अध्यक्ष भाऊसाहेब यांनी संमतीच्या कागदावर सही करून टाकली होती, त्यामुळं पट्ट्या काढायचीही सोय उरली नव्हती. कागद वाचून सही करणं हा त्यांचा स्वभाव नव्हता.

"मला कुणी विचारलंच नाही," इरा म्हणाली. तिला रडू येत होतं. "मी हे असं वापरायला केलं नव्हतं."

"आता काय करतीस. टॅब बंद कर आणि बस माझ्याजवळ."

सामना एक-एक असा अडकला. शेवटची दहा मिनिटं राहिली तेव्हा मागून भाऊसाहेबांचा आवाज आला, "इंदर, सुफियानला काढ आन बचावाला माणूस घाल. टायब्रेकरला जाऊ दे." जादा वेळ नव्हता, बरोबरी राहिली तर सरळ टायब्रेकर. सल्ला वाईट नव्हता. शेवटच्या दहा मिनिटांत शहाणा कोच दार लावून घेतो. पण दार लावायचं तर सुफियानला बाहेर बसवायचं, आणि तो एकदा त्या बाकावर बसला की तिथून थेट शिलाई मशीनवर जाऊन बसेल, हे इंद्रजितला दिसत होतं. त्यानं ऐकलं नाही असं दाखवलं. सुफियान मैदानातच राहिला.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला प्रणव चेंडू घेऊन आत घुसला आणि दगडी चौकाच्या बचावपटूनं त्याला आडवा केला. पंचानं बारा यार्डांकडं बोट दाखवलं. उत्तरेकडचा गोल. फलक किक मारणाऱ्याच्या पाठीशी, म्हणजे त्याला आकडा दिसणार नव्हता, एवढंच काय ते नशीब.

सुफियाननं चेंडू उचलला. इंद्रजितनं खांद्यावरचा पंचा सारखा केला आणि गोलकडं पाठ केली.

आता त्याच्या समोर त्याची पेठ होती. सात-आठ हजार तोंडं, सगळी फलकाकडं वळलेली. मग त्या सगळ्या तोंडांवर एकदम तीच आठी पडली, आणि गॅलरीतून एक लांब सुस्कारा बाहेर आला. इंद्रजितला फलकाकडं बघायची गरजच उरली नाही.

"एक्केचाळीस हाय!" भाऊसाहेब ओरडले. "इंदर, बदल! प्रणवला दे!"

अजून शिट्टी झाली नव्हती. हात वर करून प्रणवला खूण करायला सेकंद पुरला असता. इंद्रजितनं दोन्ही हात पंच्याच्या टोकांना घट्ट धरून ठेवले. मागं शिट्टी झाली, धप्प असा आवाज आला, आणि पूर्वेची गॅलरी फुटल्यासारखी नाचायला लागली. गोलीनं अडवला होता.

पुढचे काही क्षण पेठेनं इंद्रजितला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. भाऊसाहेब कठड्यावर वाकून म्हणाले, "खूळ लागलंय का तुला? तुझ्याच पोरीचं यंत्र सांगतंय, अख्खी पेठ सांगती, आणि तू पाठ करून उभारतोस?" आपलं चुकलं का, हे इंद्रजितलाच समजत नव्हतं.

नव्वद मिनिटं संपली. टायब्रेकर. पाच-पाच किका. खेळाडू पाणी प्यायला बाकाजवळ आले. इंद्रजित नावं लिहायला बसला. पहिली चार लिहिली, चौथा प्रणव. पाचव्या नावाशी पेन थांबलं. तेव्हा समोर सुफियान येऊन उभा राहिला.

"वस्ताद, पाचवी मी घेतो."

आजवर त्यानं कधी चेंडू मागितला नव्हता. दिला तर घ्यायचा, एवढंच.

इंद्रजितनं मान वर केली नाही. तोंड दिसू द्यायचं नव्हतं. "का रं?"

"मगाशी मी तुमच्याकडं बघितलं. तुमची पाठ दिसली. वरसात पयल्यांदा माझं डोकं गप झालं. कुठं मारायचा ते ठरलं हुतं. उजवीकडं, खाली. मग गॅलरीचा तसला आवाज आला, आणि पाय हालला. दगडी चौकवाले बोंबलू देत. त्यांचं मला काय वाटत न्हाई. आपल्या माणसांचा आवाज लागतो, वस्ताद. गेल्या हंगामातबी त्योच लागायचा."

इंद्रजितनं पाचव्या जागी नाव लिहिलं आणि कागद पंचाकडं पाठवून दिला. मग खुर्चीवर बसून तो विचार करत राहिला. त्यानं आपलं तोंड फिरवलं होतं, पण सात-आठ हजार तोंडं तशीच सोडली होती. मल्लू वस्तादांच्या काळी आकडा कुणालाच माहीत नसायचा, म्हणून एका माणसाची पाठ पुरायची.

त्याच उत्तरेकडच्या गोलवर किका सुरू झाल्या. प्रत्येक किकेआधी फलकावर आकडा यायचा आणि दोन्ही गॅलऱ्या त्यावर उसळायच्या किंवा मावळायच्या. पहिली पाळी दगडी चौकाची होती. चार-तीन झालं, प्रणवनं घातली तेव्हा चार-चार, आणि दगडी चौकाची पाचवी किक बारला लागून परत आली. आता पिंपळकट्ट्याची पाचवी. गेली तर चषक.

सुफियान मधल्या वर्तुळातून निघाला. इंद्रजित उठला, पंचा सारखा केला, आणि पाठ करून गॅलरीपुढं उभा राहिला. समोर पहिल्या ओळीत रशीदभाई होते. टेपची दोन्ही टोकं त्यांनी मुठीत धरली होती.

"रशीदभाई," इंद्रजित म्हणाला. "पोराकडं पाठ करा."

"काय?"

"पाठ करा. तुमच्या तोंडावरचं त्याला दिसतंय. सगळ्यांच्या तोंडावरचं दिसतंय. फळा बघू नका. पाठ करा." मग त्यानं आवाज चढवला आणि दोन्ही हात गोल फिरवून अख्ख्या गॅलरीला सांगितलं, "फिरा! समद्यांनी मागं तोंड करा!"

रशीदभाईंनी एकदा मैदानात चालत जाणाऱ्या मुलाकडं बघितलं. फायनलची शेवटची किक, आपल्या पोराची, आणि ती बघायची नाही. त्यांचे डोळे भरून आले. मग ते वळले आणि गॅलरीकडं तोंड करून उभे राहिले. बापानं पाठ केलेली बघून शेजारचे दोघे वळले. इरानं टॅब पालथा घालून खुर्चीवर ठेवला आणि तीही वळली. "आयला, नवस हाय का काय?" असं कुणी तरी विचारलं, आणि "हाय हाय, फीर" असं उत्तर मिळालं. ओळीमागून ओळ फिरत वर गेली. सगळ्यात शेवटी, तोंडातल्या तोंडात शिव्या घालत, भाऊसाहेबही फिरले. वरच्या ओळीतल्यांना समोर नुसती भिंत होती. ते भिंत बघत राहिले.

फलकावर आकडा आला असणार, कारण पूर्वेची गॅलरी जोरात ओरडली. म्हणजे कमीच आला असेल. पश्चिमेच्या गॅलरीत कुणी हूं की चूं केलं नाही. इंद्रजितसमोर हजारो पाठी होत्या, तालमीच्या काळ्या-पांढऱ्या जर्सीतल्या, रशीदभाईंच्या हातच्या शिवणीच्या. पूर्वेच्या गोंगाटात शिट्टी त्याला जेमतेम ऐकू आली.

चार पावलं त्यानं मनातच मोजली. मग चेंडूचा आवाज.

आणि पूर्वेची गॅलरी, जी मघापासून बोंबलत होती, ती मध्येच गप्प झाली.

पेठेला उलगडायला क्षणभर लागला. सगळ्यात आधी उमगलं रशीदभाईंना. ते वळले नाहीत. तिथंच, गॅलरीकडं तोंड करून खाली बसले आणि टेपनं डोळे पुसायला लागले. मग सगळी गॅलरी एकदम वळली आणि कठड्यावरून मैदानात उतरली.

त्या किकेचा आकडा इरानं तीन दिवसांनी बापाला सांगितला. "बावन्न."

"म्हंजे?"

"म्हणजे जाईल किंवा जाणार नाही."

"एवढं तर मला चष्म्याबिगरबी दिसत हुतं," इंद्रजित म्हणाला. पुढच्या हंगामापासून आकडा फलकावर दाखवायचा नाही, असं पत्र इरानं समितीला पाठवलं, आणि कौल फक्त सरावासाठी ठेवला. सराव संपल्यावर ती सुफियानबरोबर बसून लहरी बघते. टाकीमागं कुणी जात नाही.

कट्ट्यावरची जुनी पाटी कुणी तरी रातोरात काढली आणि तिथं नवी लावली: 'सुफियान पेनल्टी घेत असताना कृपया पाठ करून बसावे.' सुफियान आता कट्ट्यावरून जातो. तिथं कधीही जा, त्या गोलची गोष्ट चाललेलीच असते. गोली कसा डावीकडं झेपावला, चेंडू कसा खांबाला चाटून गेला, जाळं कसं हललं, हे प्रत्येक जण हातवारे करून सांगतो. त्या गॅलरीतल्या एकानंही काही बघितलेलं नाही. चित्रण सगळ्यांकडं आहे, पण ते लावून बघायचं कुणी नाव काढत नाही.

रविवारी सुफियान इंद्रजितकडं जेवायला आला. ताट समोर आल्यावर इंद्रजितनं हळूच विचारलं, "खरं सांग. कुठनं गेला रं तो?"

सुफियाननं घास थांबवला. "खरं सांगू, वस्ताद? मारला आणि तुमच्याकडं बघितलं. चेंडूकडं बघाय जमलंच न्हाई. तुमची पाठ तेवढी दिसत हुती."

"मग बघितला कुणी?"

"दगडी चौकानं," सुफियान म्हणाला, आणि भाकरी मोडून घेतली.